वावधानाचा पेशंट

सुषमा : सफरचंदं तिकडे ठेवा, ललितभाऊ. शेठनी पाठवली की तुम्ही आणली?

ललित : काय फरक पडतो, वहिनी? शालिग्रामसाठीच आहेत ना.

सुषमा : पडतो. इतकी वर्षं हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या टाक्यांवर उभे राहतात. मागल्या साली डेंगू झाला, तर चौकशीला कुत्रं फिरकलं नाही. आज सुपरवायझर स्वतः गोडादऱ्याला, आमच्या घरी?

ललित : घ्या! चांगलं करायला गेलं तरी पंचाईत. गाववाला म्हणून आलो वं माय.

सुषमा : बसा. चहा घ्या. सासूबाई दवाखान्यात बसल्यात, मला डबा घेऊन जायचंय.

ललित : डॉक्टर काय म्हणतात?

सुषमा : ऑक्सिजन काढला की जीव घाबरा होतो.

ललित : धुळीचं वावधानच तसं होतं. सगळं सुरत खोकतंय. तुम्ही डॉक्टरांना तसंच सांगितलं ना? धुळीनं झालं म्हणून?

सुषमा : हे तुम्ही फोनवरही विचारलं.

ललित : काळजीपोटी हो.

सुषमा : वॉर्डात सगळे वावधानाचेच आहेत. म्हातारी माणसं, पोरं, लाल डोळे. तोंडाला मशीन लावतात, संध्याकाळी घरी धाडतात. यांनाच का उतार पडत नाही?

ललित : एखाद्याची छाती नाजूक असते.

सुषमा : कापडाच्या ताक्यांचा गठ्ठा पाठीवर घेणाऱ्याची?

ललित : आता मी काय डॉक्टर आहे का?

सुषमा : त्या दिवशी सासूबाई नुसत्या दळण घेऊन आल्या, तर भुवयांत माती. मी घरात, तरी दातांखाली कचकच. आणि यांना रिक्षातून उतरवलं, तर डोकं स्वच्छ. मातीचा कण नाही.

ललित : आत रंगखात्यात होता तो.

सुषमा : आत होते, तर धूळ कशी लागली?

ललित : (कप खाली ठेवत) हळू बोला. शेजारी आपल्याच मिलची माणसं राहतात.

सुषमा : मग तुम्ही हळू सांगा. पण सांगा.

ललित : हलक्या रंगाचा माल होता. ओल्या कापडावर धूळ बसली की डाग जात नाही. म्हणून वावधान आलं की शटर पाडतात, खिडक्यांना गोणपाट. दरसालचंच आहे ते. यंदा वाफ बाहेर टाकणारे पंखेही बंद केले. त्यांतून धूळ येते म्हणाले.

सुषमा : आणि माणसं?

ललित : माणसं टाक्यांवरच. सगळी वाफ आत कोंडली. शालिग्राम आतून शटरवर हात मारत होता.

सुषमा : उघडलं नाही?

ललित : शेठ म्हणाले, वारा पडू द्या.

सुषमा : कापड मळू नये म्हणून माझा माणूस कोंडला! आणि डॉक्टर धुळीचं औषध देताहेत. मीच सांगितलं त्यांना, तुम्ही फोनवर पढवलंत तसं.

ललित : माझी नोकरी जाईल, वहिनी. पोरगी बारावीला आहे.

सुषमा : माझा नवरा जाईल.

ललित : सांगा तुम्ही डॉक्टरांना. फक्त माझं नाव घेऊ नका.

सुषमा : काय सांगू? टाकीत काय काय होतं, मला ठाऊक आहे? तुम्हाला आहे.

ललित : वहिनी, ऐका तर...

सुषमा : चपला घाला. डबा तुम्ही धरा, मी दाराला कुलूप लावते.