तलावात डोंग्याला जागा नाही

...नाही म्हणजे नाहीच. तुम्हाला सांगते, असं तोंडावर ‘जागा नाही’ म्हणणारं आमच्या भंडारा जिल्ह्यात दुसरं कोणी सापडायचं नाही. लाखनीची एसटी कितीही भरू द्या, कंडक्टर काय म्हणतो? ‘सरका ना बाई जरासे, तिले बसू द्या.’ आणि आपण सरकतो, कोंबडीसकट सरकतो. पण शाळेत यंदा आलेला हा कॉम्प्युटर... माझ्या प्रोग्रामची ओळीमागून ओळ मुकाट घेत होता, आधी एका शब्दानं बोलला नाही, आणि मग एकदम इंग्रजीत, नो रूम. जागा नाही.

असं काय होतं हो माझ्या त्या चित्रात? आमच्या गावचा तलाव, तलावात मासोळ्या, आणि बाबांचा डोंगा, लाकूड कोरून केलेली त्यांची होडी. बाबा त्याच तलावात मासे धरतात ना, आणि शाळेच्या प्रदर्शनाला ते स्वतः येणार होते, जाळं सोडून, धुतलेला सदरा घालून, अख्ख्या टोलीला, आमच्या वस्तीला सांगून, ‘माह्या जिजानं माहा डोंगा टीव्हीत टाकला.’

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या शेंडे सरांनी चष्मा वर सरकवला. ‘जिजा, हा रंगीत पडदा, हे तुहं निळं पाणीच अर्ध्याहून जास्त जागा खाते. उरली त्यात तुहा प्रोग्राम. भरलं का थो थांबते.’ मी हळूच म्हटलं, मग काळापांढरा करू या ना सर, सगळं मावेल. ‘साहेब येऊन राहिले उद्घाटनाले, अन् काळापांढरा? काहीतरी काढ.’

काढ म्हणे. काय काढू? कोण जास्त झालं हेही ते मशीन सांगत नाही, नुसतं अडून बसतं... मी मासोळ्या काढल्या, एकेक करून, सगळ्यात शेवटी ती वळणारी, जिच्या शेपटीत माझी दिवाळीची सुट्टी गेली होती. मावलं एकदाचं. तोच सर म्हणाले, ‘वर सुस्वागतम् टाक.’ आता त्याला मराठी अक्षरं येतात का? एकेक अक्षर रेघारेघांनी काढायचं, उकाराची वेगळी रेघ, पाय मोडायची वेगळी, आणि मी ‘ग’पर्यंत पोचते न पोचते तोच... जागा नाही.

‘डोंगा काढ,’ सर म्हणाले.

‘सर, थो बाबाचा आहे.’

‘पोरी, साहेबाचं स्वागत अर्धं ठेवता येते का?’

काढला. मला मोठ्यांपुढे बोलताच येत नाही हो, इथे तुमच्यापुढे बोलतेय तेवढंच.

साहेब आलेच नाहीत. बाबा आले. पडद्यापुढे वाकले, वाचता येत नाही त्यांना, म्हणून ‘सुस्वागतम्’कडे पाहिलंसुद्धा नाही, डोळे बारीक करून त्या निळ्या पाण्यातच शोधत राहिले, या काठापासून त्या काठापर्यंत...

‘आपला डोंगा कुठी आहे, माय?’

‘जागा नव्हती, बाबा.’

‘येवढा तलाव रिकामा पडला, अन् डोंग्याले जागा नाही?’

आता तुम्हीच सांगा, काय समजवायचं? मी आपलं खरं होतं तेच सांगितलं, ‘सगळी जागा पाण्यानंच खाल्ली, बाबा.’

त्यांनी मान डोलावली. पाण्यानं खाल्लं म्हटलं, की त्यांना काहीही पटतं.