नळाचं म्हणाले नाहीत

मी, कारखान्यात सगळे वहिनी म्हणतात ती, वय चोपन्न, विधवा, धंदा धातूचा मुलामा देण्याच्या कारखान्यात माल तारेला टांगणे, राहणार कारखान्यामागच्या खोल्या, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

काल सकाळी मी डबे भरले. लेकीला सातवा महिना आहे, पाय सुजतात, म्हणून तिचे धुणे मीच वाळत घातले. जावयांच्या शर्टाचे बटण लोंबत होते. "राहू द्या, उशीर होईल," म्हणाले. आम्ही दोघे कामावर गेलो.

जावई नवीन आहेत. त्यांचे काम निकेलच्या टाकीवर. तिच्यात पिठाहून बारीक, कडक पूड असते. ती धातूबरोबर मालावर बसली की माल झिजत नाही. पूड तळाला बसू नये म्हणून टाकी ढवळत ठेवतात. काल पितळेच्या टाकीवरचा माणूस आला नाही, म्हणून फोरमनने जावयांना तिथे उभे केले. फोरमन माझे सख्खे दीर. यजमान गेल्यावर त्यांनीच मला कामाला लावले.

पितळेच्या टाकीत तांबे आणि जस्त एकत्र चढवतात. तिच्यात सायनाइड असते. तेजाब पडले की विषारी वायू सुटतो.

आमच्याकडे नुसते 'पाणी' म्हटले की तेजाब, ज्यात माल आधी बुडवून साफ करतात. साध्या पाण्याला 'नळाचं' म्हणतात. सुरुवातीला जावयांनी प्यायला पाणी मागितले, तेव्हा दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, पाणी प्यालात तर वहिनींना दादाच्या फोटोशेजारी भिंतीत आणखी एक खिळा ठोकावा लागेल. नळाचं म्हणा, नळाचं!" सगळे हसले. मीही हसले.

काल दुपारी दीर फोनवर बोलत होते. टाकीकडे बघून ओरडले, "पितळेची पातळी खाली गेलीय, पाणी घाला!" जावयांनी "किती?" विचारले. दीर म्हणाले, "अहो ओता की, विचारता काय!" मी जवळच तार बांधत होते. मान वर केली नाही. जावयांनी तेजाबाची बादली भरून टाकीत ओतली. निकेलच्या टाकीत कधीमधी थोडे तेजाब घालतात, त्यांना तेवढेच माहीत.

मग कडवट वास आला. जावई टाकीची कड धरून खाली बसले. मी आणि दिरांनी त्यांना ओढत बाहेर काढले. दिरांनी त्यांना सोडले नाही, हेही लिहावे.

मालकांचे म्हणणे, रजा नाकारली म्हणून जावयांनी मुद्दाम ओतले. संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात दीर म्हणाले, "वहिनी, मी नळाचं म्हणालो. ऐकलंत ना?"

"भाऊजी, तुम्ही पाणी म्हणालात."

"घरी पाणीच म्हणतो ना आपण! गेलं तोंडातून."

"मग तसंच सांगा."

"मला आत टाकतील."

"आणि जावयांना?"

त्यांनी लेकीसाठी आणलेला चहा माझ्या हातात दिला.

जावई अजून शुद्धीवर नाहीत. आज सकाळी मी कामावर गेले नाही. लेकीला दवाखान्यात बसवले, दिरांच्या घरी जाऊन मी काय सांगणार ते त्यांना सांगितले आणि इथे पोलीस ठाण्यात आले.

हवालदार जबाब मला वाचून दाखवत होते. शाळेत गेले नसले तरी वाचायला मी शिकले आहे, म्हणून कागद मागून स्वतः वाचला. दिरांच्या तोंडी 'पाणी'च्या जागी 'नळाचे पाणी' लिहिले गेले होते. ते खोडून नुसते 'पाणी' करून घेतले. बाकी मी सांगितले तसे आहे.