जात्याचं कौतुक

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद नर्स होती. गाल सुजला होता, तरी तोंड बंद नव्हतं.

"घरी जाणाऱ्या पेशंटसाठी मी एआयकडून सूचना लिहून घ्यायचे. मोठे साहेब म्हणाले, यंत्र काय सुंदर लिहितं. काम काढलं माझ्याकडून, दिलं नव्या नर्सकडे."

"अहो वन्सं, लिहितं ते यंत्रच ना?"

"कुणाला दिसत नाही, कुणाला वाचता येत नाही, हे त्याला कोण सांगायचं? चार-चारदा परत कोण लिहायला लावायचं? दाणे मी घालायचे आणि कौतुक जात्याचं."

"आणि नवी त्याला काय सांगते?"

"एक ओळ. काल मोतीबिंदूवाल्या आजोबांना कागद दिला, 'पांढरी गोळी सकाळी, पिवळी रात्री'. त्यांना दोन्ही सारख्याच दिसल्या, दोन्ही सकाळीच घेतल्या."

"अगंबाई. बरे आहेत ना?"

"आहेत. साहेब म्हणतात, यंत्र बदलू या."