होळीच्या आदल्या दिवसाची फाइल

अवंती : काका, माउसवरचा हात काढा ना. मला फक्त थोडे शब्द बदलायचेत.

श्रीकृष्ण : का? नलिनीने लिहिलंय ते चुकीचं आहे?

अवंती : चुकीचं नाही हो. काकूंनी एका पानावर 'फाइल' लिहिलंय, दुसऱ्यावर 'फाईल'. कुठे 'डाउनलोड', कुठे 'डाऊनलोड'. निजामपुऱ्याच्या कॉम्प्युटर वर्गात बायका बोट ठेवून विचारतात, "बेन, आ बे जुदां छे?" हे दोन वेगळे का, म्हणून.

श्रीकृष्ण : सांगायचं, एकच आहे म्हणून.

अवंती : रोज सांगते. मग कुणीतरी 'सेव्ह'च्या जागी 'सेव' वाचतं, म्हणजे आपली खायची शेव, आणि विचारतं, तीखी के मोळी, तिखट की अळणी? सगळ्या हसतात. मृदुलाबेन तेवढ्या कागद मिटून बसतात. त्यांना वाटतं, आपल्यालाच येत नाही. परवा आल्याच नाहीत.

श्रीकृष्ण : मृदुलाबेन? पहिल्या दिवशी नलिनी तिला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेली होती.

अवंती : म्हणूनच म्हणते. पुस्तिका आजच छापायला द्यायला हवी. प्रेसवाला संध्याकाळी बंद करतो... आता परत कुठे उठलात?

श्रीकृष्ण : पंखा वाढवतो.

अवंती : पाचवरच आहे तो. बसा बघू.

श्रीकृष्ण : अवंती, तू बदललंस की ती तारीख जाईल ना?

अवंती : कुठली तारीख?

श्रीकृष्ण : फाइलच्या नावापुढे दिसते ती. होळीच्या आदल्या दिवसाची आहे. दुपारचा चहा घेऊन नलिनी इथेच लिहीत बसली होती. त्यानंतर सगळा दवाखानाच, घरी परत आलीच नाही. मी रोज सकाळी उघडतो, वाचतो, बंद करतो. चुकून काही दाबलं गेलं आणि सेव्ह करू का विचारलं, तर 'नाही' म्हणतो.

अवंती : मग आधी सांगायचं ना! मांजलपूरहून दोनदा हेलपाटा घातला मी. तुम्ही म्हणालात, लाइट गेलीय.

श्रीकृष्ण : काय सांगू? म्हातारा तारीख जपत बसलाय म्हणून?

अवंती : बरं, ऐका. हिची कॉपी करू. शब्द कॉपीत बदलते. हिला हात लावत नाही.

श्रीकृष्ण : नक्की? तारीख हलणार नाही?

अवंती : नाही हलणार. ही बघा, झाली कॉपी.

श्रीकृष्ण : आता दोन दिसतायत.

अवंती : हो. वरची काकूंची. खालचीत मी बदलते. बोला, 'फाइल' ठेवू की 'फाईल'?

श्रीकृष्ण : मृदुलाबेन कशी लिहिते?

अवंती : गुजरातीच्या सवयीने छोट्या इने.

श्रीकृष्ण : मग तेच ठेव.

अवंती : ठेवलं. बाकीचेही केले. सेव्ह करते हं, हिला आजची तारीख पडेल.

श्रीकृष्ण : पडू दे. पहिल्या पानावर नाव तिचंच आहे ना?

अवंती : काकूंचंच. दुसऱ्या कुणाचं असणार? चला, पाठवली प्रेसला. आता काय बघत बसलात?

श्रीकृष्ण : उद्या सकाळी मी यातली कुठली उघडू?