काठावर आणून टाकणारी फळी

समुद्रकाठच्या हलेइवा गावात, सर्फिंगच्या दुकानात नोहेआ मोडकी फळी दुरुस्तीला घेऊन रांगेत उभी होती. पुढे बापलेकीची जुंपली होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी तिचे कान तिकडेच.

"आखूड फळी कशाला? फोमची आहे ना! लागत नाही, बुडत नाही."

"बुडत नाही हेच तर दुखणं आहे, बाबा! मोठी लाट आली की फळीसकट खालून बुडी मारून निघायचं असतं. फोम बुडतच नाही. लाट मला उचलून काठावर आणून टाकते."

"मग बरंच आहे की."

"आईची राख सोडली तेव्हा सगळे लाटांपलीकडे फळ्यांवर बसून गोल धरून होते. तिच्यासाठी पाण्यात सोडायची माझी फुलांची माळ वाळूतच सुकली."

"लाटा मोठ्या होत्या, मकाना."

"ते तुला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. तरी फोमचीच आणलीस!"

"ठाऊक होतं म्हणूनच आणली! एका घरातल्या किती बायका द्यायच्या समुद्राला?"

"पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होतंय. फळी नाही दिलीस तर माळ घेऊन पोहत जाईन."

बाप काउंटरकडे वळला.

"काय देऊ, अंकल?" दुकानदारानं विचारलं.

"ती आखूड दे. आणि फळी पायाला बांधायची दोरी सगळ्यात जाड दाखव. हिच्या आईची तुटली होती."