ग्लेनिसच्या डाव्या हाताचं भांडं

…आणि वर मलाच म्हणतात, "नोलीनबाई, जरा लांबून बघा हं, फार मौल्यवान वस्तू आहे!" मला! मला लांबून बघा! अहो, तुम्हाला सांगते, त्या भांड्याचा कण न् कण या हातांनी मळलाय, त्याच्यापायी माझी पाठ धरली ती आजतागायत सुटलेली नाही… पण मला कोण विचारतंय?

थांबा. संतापाच्या भरात शेवट आधी सांगतेय. आमच्या मोटुएका गावात मातीच्या भांड्यांच्या शौकिनांचं मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, प्रत्येकीनं घरून खायचं काहीतरी आणायचं, आणि आणलेली भांडी टेबलावर मांडून… उलटी करायची. हो, उलटी! कुंभाराची सही बुडाला असते ना! या लोकांना सवयच लागलीय त्याची. आमचे अध्यक्ष एल्विन, जन्मभर विमे विकले आणि निवृत्त झाल्यावर भांड्यांतले तज्ज्ञ झाले. ते इस्टरला माझ्याकडे आले, मी बशीत गरमगरम स्कोन ठेवलेत, वर जॅम, वर साय… आणि या गृहस्थांनी बशी उचलली आणि केली की हो उलटी! "कारखान्याचा माल," म्हणाले. स्कोन माझ्या गालिच्यावर! त्या स्कोनबद्दल अवाक्षर नाही!

तर या गुरुवारी एल्विननी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, तान्हं मूल काढावं तसं. "जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं. सांगा बघू काय आहे!" तपकिरी भांडं. कान नाही. तोटी समोर नाही, बाजूला. पोटाला बाहेरून तीन खळगे. सगळ्यांनी पाळीपाळीनं उलटं केलं. बुडाला सही नाही, खूण नाही, काही नाही! झालं, जो तो सुटला. कुणी म्हणे फुलदाणी. आमची आयव्ही म्हणे, "नाकात पाणी घालायचं असेल." एवढ्या मोठ्या भांड्यानं? हत्तीचं नाक का?

आणि मी? मी खुर्चीत गार. कारण मी ओळखलं होतं! अहो, पोटच्या पोराला ओळखायला बुडाला सही लागते का?

त्याचं असं झालं, ग्लेनिस आणि मी सफरचंदाच्या पॅकिंग शेडमध्ये एकाच सरकत्या पट्ट्याशी उभ्या असायचो. एका हंगामात तिचा डावा हात त्या पट्ट्याच्या मशिनमध्ये गेला. दोन बोटं गेली. आणि बाई मुळात डावखुरी! कप धरता येईना, दुधाचं भांडं उचललं की हातातून सुटायचं, आणि ती हसायची, हसायची आणि मोरीशी जाऊन रडायची. मी तेव्हा अँगस वेदरलीच्या शेडमध्ये मडकी करायला शिकत होते. हो, तोच थोर कुंभार वेदरली, ज्याचं नाव निघालं की आता लोक टोप्या काढतात! तिच्यासाठी दुधाचं भांडं करायचं म्हणून मी ग्लेनिसच्या हाताचं माप घेतलं, कणकेच्या गोळ्यावर हात दाबून. एक खळगा अंगठ्याला, दोन उरलेल्या बोटांना. तोटी डाव्या हाताला वळेल अशी. कान नाहीच, कानात बोटं अडकवणार कशी? वेदरलीच्या मातीचं, वेदरलीच्या भट्टीतलं, पण माझं! सही का नाही? कारण तो खडूस म्हणायचा, "सही म्हणजे गर्व! भांडं नीट असेल तर ते स्वतः बोलेल." बोललं बरं, चांगलंच बोललं! या एका भांड्याकडे बघून तो "हं" म्हणाला होता. बाकी कुणाच्या कशालाच तो काही म्हणाला नव्हता. त्या एका "हं"वर मी आयुष्य काढलंय हो… पण मला कोण विचारतंय?

इकडे एल्विन काय करतायत? बुडाला जीभ लावतायत! खरंच! चाटलं! डोळे मिटले! "वेदरलीची माती!" म्हणाले. "मित्रांनो, हे खुद्द वेदरलींचं काम. हे खळगे बघा. हे दुःख आहे. अपूर्णतेचं दुःख!" दुःख कसलं, अंगठा आहे तो!

मी उठले. म्हटलं, "एल्विन, हे मी केलंय." तर ते इतकं गोड हसले की वाटलं थोबाडीत द्यावी. "नोलीनबाई, थोर कलेचं हेच तर लक्षण! प्रत्येकाला ती आपलीच वाटते." आणि आयव्ही टाळ्या वाजवते!

पण माझ्याकडे हुकमाचा एक्का होता ना! शेजारीच ग्लेनिस बसलेली, केक खात. म्हटलं, "ग्लेनिस, ऊठ. धर ते डाव्या हातात." ती उठेना. म्हटलं, "धर गं!" तिनं धरलं. आणि तुम्हाला सांगते, अंगठा अंगठ्याच्या खळग्यात, बोटं बोटांच्या, तळहात पोटाला… माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांनी इतकं नीट बसलं! ग्लेनिसनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. मला कळलं होतं की तिला कळलंय. आता बोल बाई, एवढंच बोल, "हे नोलीननं माझ्यासाठी केलं."

आणि ग्लेनिस म्हणते… ग्लेनिस म्हणते, "अगं बाई! थोर माणसाचं भांडं बघा, कुणाच्याही हातात कसं बसतं!"

कुणाच्याही! टाळ्या! एल्विन गहिवरले! भांडं गेलं काचेच्या कपाटात, खाली चिठ्ठी, "वेदरली", आणि मला सांगतात लांबून बघा!

परतताना गाडी मी चालवत होते, गिअर दणादण बदलत. शेवटी तीच म्हणाली, "नोली, रागावलीस? अगं, तुझं म्हटलं असतं, तर त्या दुकानात गेलं कसं ते सगळ्यांनी विचारलं असतं ना!" म्हटलं, "मीही तेच विचारतेय." तर खिडकीबाहेर बघत म्हणते, "गळायचं गं ते. पहिल्या दिवसापासून."

पहिल्या दिवसापासून! आणि मी इतकी वर्षं तिच्याकडे चहाला जातेय, दूध दुकानातल्या बाटलीतून येतंय, मी विचारतेय, "भांडं कुठाय?" आणि ही सांगतेय, "धुवायला ठेवलंय." मी विश्वास ठेवला! एखादं भांडं इतकी वर्षं धुतात का हो कुणी? म्हटलं, "सांगायचंस तरी!" तर म्हणते, "तू माझ्या हाताचं माप घेतलं होतंस, नोली. त्या दिवसांत माझ्या त्या हाताकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. तुला कुठल्या तोंडानं सांगू, गळतं म्हणून?"

आता धड भांडताही येईना. मनात आलं, अशीच गाडी थांबवावी, द्यावी हिला उतरवून भर रस्त्यात, जा म्हणावं वेदरलीकडे!

पण तिला गाडी चालवता येत नाही. उतरवली असती, तर न्यायला ये म्हणून फोन तिनं कुणाला केला असता? मलाच!