दोन बॅटऱ्यांची गाडी

आमच्या पलूसच्या संभाची तऱ्हा सांगतो. त्यानं छोट्या गाडीत एवढा मोठा वूफर बसवला, की ठेका पडला की हेडलाइट मिणमिणायचे. मग वीज पुरावी म्हणून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला, जाड वायर ओढली, डिकीत दुसरी बॅटरी ठेवली.

त्याच गाडीतून त्याच्यासाठी मुलगी बघायला रहिमतपूरला निघालो. आधीच उशीर, त्यात मेंढरं आडवी आली. संभानं गाणं फुल्ल केलं. मेंढरं बिथरून गाडीभोवतीच गोळा झाली.

म्हातारा धनगर काचेशी आला. "गड्या, हॉर्न वाजव की."

"हॉर्न लय दिवस बंद हाय, आबा. पण गाण्याला दोन बॅटऱ्या हायत."

म्हाताऱ्यानं एक शीळ घातली. रस्ता मोकळा झाला.

"जावा आता," तो म्हणाला. "आन् त्यातली एक हॉर्नला द्या."